काशीयात्रा ते काशीदर्शन : हवाई प्रवास आणि ऐतिहासिक शहराचे बदलते आकलन

प्रस्तावना

मुंबईहून निघालेला प्रवासी विमानाने दोन-अडीच तासांत वाराणसीला पोहोचतो. शुक्रवारी सायंकाळी निघून रविवारी रात्री परतणेही त्याला शक्य असते. हाच प्रवास रेल्वेने एका दिवसाहून अधिक काळाचा आहे आणि रेल्वेपूर्व काळात तो अनेक महिन्यांचा होता. प्रवासाच्या इतिहासात या बदलाचे वर्णन बहुधा वेगाची प्रगती म्हणून केले जाते. मात्र प्रवासाचा काळ कमी होतो तेव्हा केवळ वेळेचीच बचत होते असे नाही. प्रवासाची तयारी, वाटेतील प्रदेशांशी येणारा संबंध, मुक्कामाची व्यवस्था, शहरातील वास्तव्याचा काळ आणि त्या शहराविषयी प्रवाशाच्या मनात तयार होणारे चित्र या सर्वच गोष्टी बदलतात. एवढेच नव्हे, तर कालांतराने ते शहरही नव्या प्रवाशाच्या सोयीनुसार आपली रचना बदलू लागते.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातून काशीला जाणाऱ्या प्रवाशाच्या उदाहरणाच्या आधारे या बदलाचा विचार केला आहे. काशीची निवड करण्याचे कारण स्पष्ट आहे. या शहराच्या घडणीत मराठी माणसांचा मोठा वाटा आहे आणि पायी, रेल्वे व हवाई अशा तिन्ही कालखंडांत महाराष्ट्रातून तेथे अखंड येजा राहिली आहे. हवाई प्रवासामुळे काशी अधिक लोकांच्या आवाक्यात आली हे खरे असले, तरी त्याच प्रक्रियेत काशीच्या इतिहासाची काही महत्त्वाची साधने दृष्टीआड होत आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

रेल्वेपूर्व काळातील यात्रा

मराठी समाजात काशीयात्रा हा आयुष्यातील एक मोठा संकल्प मानला जात असे. सोडमुंजीच्या विधीत बटू काशीला जायला निघतो आणि मामा आपली मुलगी देण्याचे आश्वासन देऊन त्याला परत आणतो. काशीला जाणारा माणूस प्रपंचातून बाहेर पडतो, ही समजूत या विधीच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षातही यात्रेकरू घरादाराची निरवानिरव करूनच निघत असे आणि सुखरूप परतल्यावर मावंदे घालून आप्तेष्टांना जेवू घालत असे. मावंदे हा परतलेल्या माणसाचा गावाने केलेला स्वीकार होता.

थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई यांची १७३५-३६ मधील काशीयात्रा ही या काळातील एक प्रसिद्ध घटना होय. ही यात्रा वर्षभराहून अधिक काळ चालली. वाटेतील राजपूत संस्थानिकांनी व मोगल सरदारांनी त्यांचा सन्मान राखला. त्यामुळे या यात्रेकडे धार्मिक कृत्याबरोबरच मराठ्यांच्या उत्तरेतील प्रतिष्ठेचे प्रमाण म्हणूनही पाहिले जाते. पुढील काळात तीर्थक्षेत्रांतील यात्राकर आणि काशी-प्रयागावरील ताबा हे मराठ्यांच्या उत्तरेतील राजकारणाचे विषय बनले, याचे मूळ यात्रेच्या या सामाजिक महत्त्वात शोधावे लागते.

सामान्य यात्रेकरूच्या अनुभवाचे अत्यंत मोलाचे साधन म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक द्रव्यार्जनाच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या धामधुमीत सापडले. महूच्या परिसरात त्यांना बंडाची वार्ता कळली, तर झाशीच्या वेढ्याच्या वेळी ते प्रत्यक्ष त्या शहरात होते. चिंतामण विनायक वैद्य यांनी हे लेखन १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. आज ते १८५७ च्या इतिहासाचे साधन म्हणून वाचले जाते. ते साधन निर्माण होऊ शकले याचे एक कारण म्हणजे प्रवास संथ होता. गोडसे वाटेतील गावांत थांबत होते, दक्षिणा मिळवत होते, लुटले जात होते आणि लोकांच्या तोंडून बातम्या ऐकत होते. मुक्कामाचे ठिकाण आणि घर यांच्यामधला प्रदेश त्यांच्या लेखनात सजीव आहे.

दीर्घ प्रवासाचा दुसरा परिणाम काशीच्या रचनेवर झाला. इतक्या लांबून आलेला यात्रेकरू दोन दिवसांत परतणे शक्य नव्हते. त्याच्या निवासाची, भोजनाची व धर्मकृत्यांची सोय करणाऱ्या संस्था त्यामुळे उभ्या राहिल्या. अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, सिंदिया घाट ही नावे मराठी घराण्यांचा आश्रय दर्शवतात. पंचगंगा, ब्रह्मा व दुर्गा घाटांच्या परिसरात मराठी वस्ती स्थिरावली. शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट हे मूळ पैठणच्या, पण काशीत स्थायिक झालेल्या विद्वान घराण्यातील होते. विसाव्या शतकात हिंदी पत्रकारितेचा पाया भक्कम करणारे ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर हेही काशीतील मराठी कुटुंबातच जन्मले. यात्रेच्या मार्गाने घडलेल्या या वसाहतीचा काशीच्या बौद्धिक जीवनावर उमटलेला ठसा यावरून लक्षात येतो.

रेल्वेने घडवलेला पहिला बदल

१८७० मध्ये जबलपूर येथे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आणि ईस्ट इंडियन रेल्वे यांचे मार्ग जोडले गेले व मुंबई ते कलकत्ता हा सलग रेल्वेप्रवास शक्य झाला. १८८७ मध्ये राजघाटाजवळ गंगेवर पूल झाला. तोपर्यंत दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवाशाला गाडीतून उतरून नदी ओलांडूनच शहरात यावे लागत असे. पुलाने हा शेवटचा टप्पाही सुकर केला.

रेल्वेमुळे यात्रेचा काळ महिन्यांवरून दिवसांवर आला, स्त्रिया व वृद्ध यांचे प्रमाण वाढले आणि ज्यांना पूर्वी पालखी, मेणे व संरक्षक यांचा खर्च परवडत नव्हता त्यांनाही काशी गाठता येऊ लागली. तरीही रेल्वेने यात्रेची जुनी चौकट पूर्णपणे मोडली नाही. तिसऱ्या वर्गातील गर्दी, स्थानकांवरील मुक्काम, धर्मशाळा आणि क्षेत्रोपाध्ये ही साखळी कायम राहिली.

महात्मा गांधी यांनी १९०२ मध्ये कलकत्त्याहून राजकोटला जाताना हेतुतः तिसऱ्या वर्गाने प्रवास केला व वाटेत काशीला मुक्काम केला. विश्वनाथ मंदिराच्या परिसरातील गोंगाट व अस्वच्छता पाहून त्यांना झालेले दुःख त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. १९१६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभातील भाषणातही त्यांनी मंदिरालगतच्या अरुंद व अस्वच्छ गल्ल्यांचा उल्लेख केला. म्हणजेच या शहराच्या दुरवस्थेवरील टीका केवळ परकीय प्रवाशांनी केलेली नाही, ती श्रद्धावान भारतीय प्रवाशानेही केली आहे. पुढील विवेचनात हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

हवाई वाहतुकीचा उदय आणि पर्यटनाचे मंडल

भारतातील हवाई वाहतुकीच्या इतिहासाचा आरंभ काशीपासून फार दूर नसलेल्या प्रयागाजवळ झाला, हा एक लक्षणीय योगायोग होय. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीपर्यंत सुमारे दहा किलोमीटर अंतर टपालाच्या थैल्या विमानाने नेल्या. नियमित सेवेचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईपर्यंत टपाल आणून केला. जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. या आरंभीच्या काळात विमान हे मुख्यतः टपालाचे, शासकीय कामाचे आणि मोजक्या धनिकांचे वाहन होते. यात्रेशी त्याचा संबंध अत्यल्प होता.

१९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. आठ खाजगी कंपन्यांच्या विलीनीकरणातून देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स अस्तित्वात आली. पुढे १९६६ मध्ये भारतीय पर्यटन विकास महामंडळाची स्थापना झाली आणि १९६७ मध्ये पर्यटन व नागरी विमान वाहतूक यांसाठी एकच मंत्रालय निर्माण करण्यात आले. या प्रशासकीय निर्णयाला विशेष अर्थ आहे. विमान आणि स्थलदर्शन हे एकमेकांना पूरक उद्योग आहेत, विदेशी चलन मिळवण्यासाठी दोहोंची एकत्र आखणी करावी, अशी शासनाची भूमिका त्यातून दिसते.

या भूमिकेचे ठळक उदाहरण म्हणजे दिल्ली, आग्रा, खजुराहो आणि वाराणसी यांना एका फेरीत जोडणारी इंडियन एअरलाइन्सची सेवा. मुंबईहून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), उदयपूर व जयपूरमार्गे दिल्लीकडे जाणारी सेवाही याच प्रकारची होती. या मार्गांची आखणी पाहिली असता एक गोष्ट चटकन लक्षात येते. आग्रा, खजुराहो आणि काशी यांना जोडणारा असा कोणताही प्राचीन यात्रामार्ग नव्हता. मोगलांची राजधानी, चंदेलांची मंदिरनगरी आणि गंगेकाठचे तीर्थक्षेत्र यांच्या इतिहासांचे कालखंड व स्वरूप भिन्न आहेत. विमानाच्या वेळापत्रकाने त्यांना एका मंडलात ओवले. पारंपरिक यात्रेत काशीचा संबंध प्रयाग व गया यांच्याशी, तसेच गंगाजल नेऊन वाहण्याच्या प्रथेमुळे थेट रामेश्वराशी होता. पर्यटनाच्या मंडलात तो ताजमहालाशी जुळला. काशीच्या शेजारी कोणते स्थळ मांडावे हे येथे परंपरेऐवजी धावपट्टी आणि वेळापत्रक यांनी ठरवले.

हे मंडल प्रामुख्याने विदेशी पर्यटकासाठी आखलेले होते. मराठी मध्यमवर्ग अजूनही रेल्वेनेच काशीला जात होता. शासकीय नोकरांना मिळणाऱ्या रजा प्रवास सवलतीमुळे त्याच्या प्रवासाला ‘सुट्टी’चे रूप येऊ लागले होते, तरी पर्यटन आणि यात्रा यांची सरमिसळ त्यात कायम होती. सकाळी गंगास्नान आणि दुपारी सारनाथचे संग्रहालय असा कार्यक्रम आखणारे कुटुंब एकाच वेळी यात्रेकरूही होते आणि पर्यटकही.

स्वस्त विमानसेवा आणि देशांतर्गत प्रवासी

१९९४ मध्ये १९५३ चा हवाई महामंडळ कायदा रद्द झाला व शासकीय मक्तेदारी कायद्यानेही संपुष्टात आली. २००३ मध्ये कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने अल्प दराच्या सेवेचा आरंभ केला. २००५ व २००६ मध्ये स्पाइसजेट आणि इंडिगो या कंपन्या आल्या. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेने लहान शहरांना हवाई नकाशावर आणण्याचा प्रयत्न केला आणि एप्रिल २०१७ मध्ये या योजनेतील पहिले विमान शिमला-दिल्ली मार्गावर उडाले. २०२४ मध्ये देशांतर्गत हवाई प्रवाशांची वार्षिक संख्या १६ कोटींच्या वर गेली.

वाराणसीच्या बाबतपूर विमानतळाला २००५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांचे नाव देण्यात आले आणि २०१० मध्ये तेथे नवी टर्मिनल इमारत सुरू झाली. या दोन दशकांत काशीला विमानाने येणाऱ्या प्रवाशाचे स्वरूप बदलले. परदेशी पर्यटकाच्या जागी पुणे, मुंबई, बंगळूरु, हैदराबाद येथील नोकरदार कुटुंबे आली. आई-वडिलांना काशी घडवण्याची जुनी इच्छा आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांचा हिशेब यांचा मेळ विमानाने घालून दिला. गुडघेदुखीमुळे रेल्वेचा दीर्घ प्रवास न झेपणाऱ्या वृद्धांना आणि एकट्याने प्रवास करू इच्छिणाऱ्या स्त्रियांना मिळालेली ही सोय नाकारता येत नाही. पायी यात्रेचा गौरव करताना तिच्यातील रोगराई, लुटमार आणि मृत्यू यांचा विसर पडणे योग्य नाही. ती यात्रा सर्वांना खुलीही नव्हती. जातिव्यवस्थेने ज्यांना मंदिराच्या दाराबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी प्रवासाचा संथपणा हे काही पुण्यसंचयाचे साधन नव्हते.

२०२५ च्या प्रयागराज येथील महाकुंभात हवाई प्रवास व यात्रा यांचे हे नवे नाते अधिक स्पष्ट झाले. प्रयागराजच्या विमानभाड्यांत झालेली वाढ हा सार्वजनिक चर्चेचा विषय बनला आणि शासनाला विमान कंपन्यांकडे दर आटोक्यात ठेवण्याची मागणी करावी लागली. अठराव्या शतकात यात्रेकरूची तक्रार यात्राकराविषयी होती. एकविसाव्या शतकात ती तिकिटाच्या दराविषयी आहे.

अल्पकालीन प्रवासी आणि शहराची पुनर्रचना

विमानाने येणारा प्रवासी शहरात सामान्यतः दोन ते तीन दिवस राहतो. परंपरेने काशी जाणून घेण्याची जी पद्धत सांगितली, ती पंचक्रोशीची प्रदक्षिणा पाच दिवसांची आहे. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर व कपिलधारा हे तिचे मुक्काम. बाबतपूरहून शहराकडे येणारा रस्ता या प्रदक्षिणेच्या मार्गाला छेदून शिवपूरच्या बाजूने शहरात शिरतो. एके काळी ज्या सीमेवर यात्रेकरू क्षेत्राच्या पावित्र्याची जाणीव ठेवून पायी चालत असे, ती सीमा मोटारीतील प्रवासी नकळत ओलांडतो. ही सीमा आजही अस्तित्वात आहे, श्रद्धाळू तिच्यावरून आजही चालतात. पण अल्पकालीन प्रवाशाच्या काशीत तिला स्थान राहिलेले नाही.

त्याची काशी मुख्यतः नदीकाठाच्या एका पट्ट्यापुरती असते. पहाटेची नौकाफेरी, विश्वनाथाचे दर्शन, दुपारी सारनाथ आणि सायंकाळी दशाश्वमेध घाटावरील गंगा आरती असा त्याचा कार्यक्रम असतो. यातील सामूहिक आरतीचे आजचे भव्य, नियमबद्ध स्वरूप १९९० च्या दशकापासून रूढ झाले आहे. गंगेची पूजा प्राचीन असली, तरी ठरावीक वेळी, सर्वांना दिसेल अशा चौथऱ्यांवर, ठरावीक क्रमाने होणारा हा सोहळा थोड्या वेळासाठी आलेल्या प्रेक्षकाच्या गरजेशी जुळणारा आहे. त्यामुळे तो खोटा ठरत नाही. मात्र तो अनादी काळापासून असाच चालत आला आहे, हा प्रेक्षकाचा समज इतिहासाच्या दृष्टीने दुरुस्त करणे आवश्यक ठरते.

सर्वांत मोठा बदल विश्वनाथ मंदिराच्या परिसरात झाला. मंदिर व गंगा यांना जोडणाऱ्या काशी विश्वनाथ धाम प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०१९ मध्ये झाली व १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी ३०० हून अधिक मालमत्ता संपादित करण्यात आल्या. घरे पाडताना त्यांच्या आत दडलेली ४० हून अधिक जुनी मंदिरे उजेडात आली. पूर्वी सुमारे तीन हजार चौरस फुटांचा असलेला परिसर सुमारे पाच लाख चौरस फुटांचा झाला. गर्दीतील चेंगराचेंगरीचा धोका कमी झाला, वृद्धांना व अपंगांना दर्शन सुलभ झाले आणि गांधीजींनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेल्या तक्रारीला एका अर्थाने उत्तर मिळाले. ही बाजू मान्य करावी लागते.

दुसरी बाजू अशी की, पाडलेली घरे आणि बुजलेल्या गल्ल्या हाही काशीचा इतिहासच होता. त्या घरांत देवळे दडली होती याचा अर्थ वस्ती आणि देवस्थान यांचे तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचे सहजीवन होते. कोणी कोणाला केव्हा जागा दिली, कोणत्या प्रांतातील लोक कोणत्या गल्लीत राहिले, भाडेकरू, पुजारी, दुकानदार यांचे संबंध काय होते, याची साक्ष त्या वस्तीची रचना देत होती. मंदिरे सापडली व जतन झाली. त्यांच्याभोवतीचे नाते मात्र विस्कटले. त्यामुळे रचना कोणत्या प्रवाशाच्या घड्याळानुसार होते, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. इतिहासाच्या साधनांच्या रक्षणाशी त्याचा थेट संबंध येतो.

क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांविषयीही हेच म्हणता येईल. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची नावे, गावे, कुळे आणि येण्याच्या तिथी या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या नोंदवल्या गेल्या. कुटुंबांच्या व स्थलांतराच्या इतिहासासाठी त्यांचे मोल मोठे आहे. श्राद्ध वा अस्थिविसर्जनासाठी आलेला विमानप्रवासी आजही उपाध्यायांकडे जातो आणि त्याची नोंद होते. केवळ शहर पाहण्यासाठी आलेल्या प्रवाशाचा मात्र त्या वहीशी संबंध येत नाही. त्याची नोंद हॉटेलच्या संगणकात आणि विमान कंपनीच्या यादीत होते. ती नोंद जुन्या वहीपेक्षा अधिक अचूक असली, तरी पणजोबांच्या नावाखाली पणतूचे नाव लिहिणारी परंपरा तिच्यात नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, काशीकडे जाणारा मार्ग आणि काशीचे स्वरूप यांचा इतिहास परस्परांपासून वेगळा करता येत नाही. महिनोन्‌महिने चालणाऱ्या यात्रेने घाट, अन्नछत्रे, विद्वानांची घराणी आणि मराठी वस्ती निर्माण केली. रेल्वेने तीच चौकट विस्तृत करून अधिक लोकांसाठी खुली केली. हवाई प्रवासाने प्रथम काशीला परदेशी पर्यटकाच्या मंडलात बसवले आणि नंतर देशातील मध्यमवर्गाच्या छोट्या सुट्टीत आणून ठेवले. या शेवटच्या टप्प्यात दूरच्या प्रवाशाला शहर जवळचे झाले, पण घर आणि शहर यांच्यामधला देश त्याच्या अनुभवातून गळाला.

या कारणास्तव विमानप्रवासाचा निषेध करणे अनैतिहासिक ठरेल. १८५७ मधील गोडसे भटजींचा हालअपेष्टांनी भरलेला मार्ग आज कोणी हौसेने स्वीकारणार नाही. अपेक्षा वेगळी आहे. अल्प मुक्कामाच्या प्रवाशासाठी शहराची आखणी करताना दीर्घ मुक्कामाने निर्माण केलेली साधने, म्हणजे गल्ल्यांची रचना, घरांचे दस्तऐवज, उपाध्यायांच्या वह्या व वस्त्यांच्या आठवणी, यांची पद्धतशीर नोंद आधी झाली पाहिजे. काशीच्या घाटांचा २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला आहे. त्या वारशात दगडी पायऱ्यांबरोबर या नोंदींचाही विचार होणे इष्ट आहे. महाराष्ट्रातील इतिहास संशोधन संस्था व विद्यापीठे यांनी काशीतील मराठी वह्या व घराणी यांचा अभ्यास हाती घेतल्यास, दोन तासांत तेथे पोहोचणाऱ्या प्रवाशालाही आपल्या गावाचे नाव त्या शहरात कोठे लिहिले आहे हे सांगता येईल.